जुलाब विषाणूचा की जिवाणूचा? बांगलादेश आणि मालीतलं एक प्रकरण

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेश आणि माली या दोन देशांतल्या ३० डॉक्टरांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप आलं. पाच वर्षांखालचं, जुलाब लागलेलं मूल समोर आलं की डॉक्टरांनी त्यात चार-पाच गोष्टी भरायच्या. मग अ‍ॅप सांगणार, हा जुलाब निव्वळ विषाणूचा असण्याची शक्यता किती टक्के. शौचाचा नमुना नाही, प्रयोगशाळा नाही, रिपोर्टची वाट पाहणं नाही. हा आकडा समोर दिसला तर डॉक्टर अँटिबायोटिक कमी लिहितात का, हे तपासायचं होतं. निकाल २०२२ मध्ये ‘जामा पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. वरवर पाहिलं तर तो ‘ठोस फरक दिसला नाही’ असा आहे, आणि तेवढं वाचून पान उलटणं सोपं आहे. माझ्या मते या निकालातला खरा ऐवज त्या एका वाक्याच्या पलीकडे आहे.

आधी अडचण काय आहे ते पाहू. पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं जगात दरवर्षी अतिसाराने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांना वाचवणारी मुख्य गोष्ट म्हणजे शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणं. जुलाब कशामुळेही झालेला असो, जलसंजीवनी द्यायची, झिंकच्या गोळ्या द्यायच्या, अंगावरचं दूध आणि जेवण थांबवायचं नाही. इथवर कारण कळण्याची गरजच पडत नाही. कारणाचा प्रश्न येतो तो अँटिबायोटिकपाशी. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना अशी की शौचात रक्त असेल तर, किंवा कॉलऱ्याचा संशय असून मूल फार सुकलं असेल तर अँटिबायोटिक द्यावं. बाकीच्या बहुतेक पाण्यासारख्या जुलाबांना ते नको.

कागदावर हा नियम सुटसुटीत आहे, प्रत्यक्षात तो दोन्ही बाजूंनी गळतो. एकीकडे रोटाव्हायरस या विषाणूच्या जुलाबालाही सर्रास अँटिबायोटिक लिहिलं जातं. डॉक्टरांपुढे दिवसाला शंभर पेशंट असतात. लेकराला कडेवर घेऊन दोन तास रांगेत उभी राहिलेली आई विचारते, ‘‘डॉक्टर, नुसतं पावडरचं पाणीच देताय?’’ उद्या मूल बिघडलं तर काय, ही भीती डॉक्टरच्या मनात असतेच. मग चिठ्ठीवर एक ओळ वाढते. दुसरीकडे शिगेला हा जिवाणू दर वेळी रक्त दाखवत नाही. शिगेलाचे कितीतरी जुलाब नुसते पाण्यासारखे असतात आणि ‘रक्त दिसलं तरच’ हा नियम पाळणाऱ्या डॉक्टरच्या हातून ती मुलं निसटतात. म्हणजे ज्यांना औषध नको त्यांना मिळतं आणि ज्यांना हवं त्यांतल्या काहींना मिळत नाही. शौच तपासून हे ठरवावं म्हटलं तर कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायला, दोन-तीन दिवस जातात आणि जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरची यंत्रं असतात मोठ्या शहरांत.

अ‍ॅपच्या मुळाशी होती मुलांच्या जुलाबाची कारणं शोधणारी, ‘जेम्स’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी बहुकेंद्री पाहणी. २००७ ते २०११ या काळात कोलकाता, बांगलादेशातलं मिर्झापूर, कराची, केनिया, माली, मोझांबिक आणि गांबिया अशा सात ठिकाणी ती झाली. मध्यम ते तीव्र जुलाब झालेली ९,४३९ मुलं आणि त्याच वस्त्यांतली, त्याच वयाची, जुलाब नसलेली १३,१२९ मुलं तपासली गेली. जुलाब नसलेल्या मुलांची ही जोड फार मोलाची ठरली. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांच्या शौचात कुठला ना कुठला रोगजंतू सापडला, पण धडधाकट मुलांपैकीही ७२ टक्क्यांच्या शौचात तो सापडला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जिथे उघडी गटारं अंगणातून वाहतात तिथे मुलाच्या पोटात जंतू असणं ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे ‘शौचात अमुक जंतू सापडला, म्हणून जुलाब त्याचाच’ हे म्हणणं टिकत नाही. महागडा रिपोर्ट हाती आला तरी हा गुंता सुटत नाही. कारण काय, याचं उत्तर प्रयोगशाळेतही शक्यतेच्याच भाषेत द्यावं लागतं.

पुढे याच पाहणीतल्या आजारी आणि निरोगी मुलांच्या ५,३०४ जोड्यांचे साठवलेले नमुने नव्या, जास्त संवेदनशील पीसीआरने पुन्हा तपासले गेले. तो निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जंतू आहे-नाही एवढंच न पाहता तो किती प्रमाणात आहे हे मोजलं, निरोगी मुलांतल्या प्रमाणाशी ताडून पाहिलं आणि प्रत्येक जुलाबामागे त्या जंतूचा वाटा किती हे काढलं. शिगेला पहिल्या क्रमांकावर आला. आधीच्या तपासणीत त्याची बरीच प्रकरणं हुकली होती. रोटाव्हायरस आणि अ‍ॅडेनोव्हायरस ४०/४१ हे विषाणू, ईटीईसी (ई. कोलायचा एक प्रकार) आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू, शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, ही मंडळी त्याच्या पाठोपाठ होती.

आता हजारो मुलांची दोन्ही माहिती हाताशी होती. मूल दवाखान्यात आलं तेव्हा डॉक्टरला काय दिसलं, हे एकीकडे. त्या जुलाबाचं बहुधा खरं कारण काय होतं, हे दुसरीकडे. युटा विद्यापीठातले डॅनियल लेउंग, संख्याशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रिंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंचा सांधा जुळवला. डॉक्टरला दिसलेल्या शेकडो गोष्टींपैकी कारणाचा अंदाज देणाऱ्या कोणत्या, हे संगणकाकडून चाळून घेतलं. पहिल्या पाचांत आलेल्या गोष्टी वाचताना कोणत्याही अनुभवी बालरोगतज्ज्ञाची मान हलेल : मुलाचं वय, ऋतू, शौचात रक्त आहे का, वयाच्या मानाने उंची आणि उलट्या. यादी लांबवून अंदाजात फारशी भर पडत नव्हती. उंची मोजायला फळी लागते आणि रडणाऱ्या मुलाला ताठ झोपवावं लागतं, म्हणून वापरायच्या साधनात दंडाचा घेर आला. आपल्या अंगणवाडीत सेविका ज्या रंगीत पट्टीने दंड मोजतात तेच माप. पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या आत लाल दाखवते.

आकडा कसा निघतो

हा भाग जरा सावकाश पाहू, कारण अ‍ॅप म्हणजे काळी पेटी असा समज होतो. ती पेटी उघडून दाखवता येते.

समजा थंडीचे दिवस आहेत आणि या भागात, या दिवसांत जुलाबाच्या दर दोन मुलांमागे एकाचा जुलाब विषाणूचा असतो. म्हणजे मूल दारातून आत येण्याआधीच पारडी बरोबरीत आहेत, एकास एक. मूल नऊ महिन्यांचं आहे, सारखं ओकतंय, शौचात रक्त नाही, दंड बरा भरलेला आहे. जुन्या माहितीत असं चित्र विषाणूच्या जुलाबात बाकीच्यांपेक्षा तिप्पट आढळलेलं असेल, तर एकास एकला तीनने गुणायचं. तीनास एक झालं, म्हणजे ७५ टक्के. आता त्याच दिवशी तीन वर्षांची मुलगी आली. उलटी नाही, शौचात आव आणि रक्त. हे चित्र विषाणूच्या बाजूला एक दशांशच आढळत असेल, तर एकास एकचं एकास दहा होतं आणि शक्यता उतरते नऊ टक्क्यांवर. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण रीत हीच.) आता पहिलं नऊ महिन्यांचं मूल अशा महिन्यात आलं असं धरू की जेव्हा विषाणूचा जुलाब पाचांत एकच असतो. सुरुवात एकास चारवर, तीनने गुणलं की तीनास चार, म्हणजे सुमारे ४३ टक्के. मूल तेच, लक्षणं तीच, महिना बदलला आणि आकडा ७५ वरून ४३ वर आला.

या पद्धतीचं सौंदर्य तिच्या सुट्या भागांत आहे. सुरुवातीचं पारडं ठरवायला ऋतू घेता येतो, जवळच्या हवामान केंद्राच्या मागच्या दिवसांतल्या तापमान-पावसाच्या नोंदी घेता येतात, किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या रुग्णांचं काय निघालं ते घेता येतं. जे हाताशी असेल ते जोडायचं, नसेल ते सोडायचं. जुने डॉक्टर ‘सध्या साथ उलटी-जुलाबाची आहे’ म्हणत हेच करत आले. इथे त्याला गणिताची शिस्त लागली, आणि कालच रुजू झालेल्या डॉक्टरलाही ती वापरता येऊ लागली.

अंदाज कितपत बरोबर येतो? हे मोजणाऱ्या आकड्यात १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे नाणेफेक. ज्या माहितीवर मॉडेल घडलं तिथे ही कसोटी ०.८ च्या थोडी वर होती. ढाका आणि मालीची राजधानी बामाको इथल्या नव्या मुलांवर, पीसीआरशी ताडून पाहिलं तेव्हा ती ०.७५ च्या आसपास आली. अर्थ असा : विषाणूचा जुलाब असलेलं एक मूल आणि नसलेलं एक मूल अशी कुठलीही जोडी घ्या, शंभरांपैकी सुमारे ७५ जोड्यांत मॉडेल विषाणूच्या मुलाला जास्त टक्के देतं. नाणेफेकीपेक्षा हे खूप बरं आहे, पण शंभरांतल्या २५ जोड्यांत क्रम उलटा लागतो हेही विसरून चालणार नाही.

चाचणी

ढाक्याच्या ज्या संस्थेचा या कामात हात आहे ती ‘आयसीडीडीआर,बी’. १९६० मध्ये कॉलरा संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली. शहरात तिचं रुग्णालय आजही ‘कॉलरा हॉस्पिटल’ म्हणून ओळखलं जातं. तिथल्या खाटा पाहण्यासारख्या असतात. ताणलेल्या रेक्झिनला मधोमध भोक आणि खाली बादली. मूल किती पाणी गमावतंय हे बादलीत दिसतं आणि तेवढं तोंडाने किंवा शिरेतून परत द्यायचं. तोंडाने क्षार-साखरेचं पाणी देऊन कॉलऱ्याचे रोगी वाचतात, हे १९६८ मध्ये दाखवणाऱ्या चमूने इथेच काम केलं होतं. जुलाबाच्या उपचारात इतकं मुरलेलं ठिकाण जगात विरळा.

चाचणीची रचना अदलाबदलीची होती. प्रत्येक डॉक्टरने एक चार आठवड्यांचा टप्पा अंदाजासह अ‍ॅप वापरायचं आणि एक टप्पा अंदाजाशिवाय. कोणता आधी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. मध्ये एक आठवड्याची मोकळीक. दोन्ही टप्प्यांत अ‍ॅप होतंच. मूल किती सुकलंय आणि त्याला किती पाणी द्यायचं हा हिशोब ते दोन्हीकडे करून देत होतं. फरक फक्त त्या टक्क्यांचा. म्हणजे ‘हाती फोन आला म्हणून डॉक्टर नीट वागले’ हा आक्षेप आधीच निकाली निघाला.

३० डॉक्टर, ९४१ मुलं. नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२. अंदाज दिसत असताना अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांचं प्रमाण ४.२ टक्क्यांनी कमी राहिलं, पण अनिश्चिततेची कक्षा उणे १०.७ पासून अधिक १.० पर्यंत होती. शून्य, म्हणजे काहीच फरक नसणं, त्या कक्षेत बसतं. म्हणून संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की साधनाचा परिणाम झाला असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

मग त्यांनी आणखी एक विश्लेषण केलं. अ‍ॅपने त्या त्या मुलासाठी किती टक्के दाखवले हे हिशोबात धरलं, तेव्हा दोन गटांतला फरक ५.६ टक्क्यांचा निघाला आणि कक्षा १२.८ ते १.० टक्के घट, म्हणजे शून्याच्या एकाच बाजूला. हे विश्लेषण आधी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर इमारत बांधता येणार नाही. डिस्चार्जनंतर दहा दिवसांनी विचारपूस झाली, तेव्हा अंदाजामुळे कोणाला अपाय झाल्याचं आढळलं नाही.

मी हा निकाल कसा वाचतो

पहिली गोष्ट. हे साधन सगळ्यांना ‘अँटिबायोटिक देऊ नका’ असं सांगण्यासाठी घडलेलंच नाही. काही मुलांसाठी ते ८० टक्के दाखवणार, काहींसाठी १०. जिथे १० दाखवलं तिथे डॉक्टरने औषध लिहिलं तर त्याने अ‍ॅपचं ऐकलंच. मग सगळ्या मुलांची एकत्र सरासरी काढून ‘अँटिबायोटिक कमी झालं का’ असं विचारलं, तर कमी झालेलं आणि वाढलेलं एकमेकांत जिरून जाणार. खरा प्रश्न असा की जिथे विषाणूची शक्यता मोठी होती तिथे हात आखडला का. दुसरं विश्लेषण त्या दिशेला बोट दाखवतं. पुढची चाचणी याच प्रश्नावर उभी राहायला हवी, आणि तो आधी जाहीर करून.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. औषधाच्या चाचणीत मधल्या मोकळ्या आठवड्यात औषध शरीरातून निघून जातं. शिकलेलं असं निघून जात नाही. पहिल्या टप्प्यात ज्या डॉक्टरने महिनाभर पाहिलं की तान्ह्या, ओकणाऱ्या मुलाला अ‍ॅप सतत मोठे टक्के देतं, तो दुसऱ्या टप्प्यात आकडा न दिसताही तसाच विचार करू लागेल. त्याने फरक प्रत्यक्षाहून लहान दिसतो. हा माझा तर्क आहे, पण प्रशिक्षण आणि सल्ल्याच्या कुठल्याही साधनाला तो लागू पडतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘विषाणूचा नाही’ म्हणजे ‘अँटिबायोटिक द्या’ नव्हे. उरलेल्यांत शिगेला आहे, कॉलरा आहे, तसा क्रिप्टोस्पोरिडियमही आहे, ज्यावर ही नेहमीची अँटिबायोटिकं चालत नाहीत. आपसूक बरे होणारे जिवाणूंचे जुलाबही त्यातच. त्यामुळे मोठा आकडा डॉक्टरला हात आवरायला आधार देतो, पण लहान आकडा औषध लिहायचा परवाना होत नाही. हे अ‍ॅपच्या पडद्यावर, आकड्याच्या शेजारीच लिहिलेलं असावं.

आणि रेषा कुठे मारायची? ६० टक्क्यांवर औषध टाळायचं, की ८० वर? इथे गणित हात टेकतं. दंडाचा घेर ११ सेंटीमीटर असलेल्या मुलाचा शिगेला हुकला तर जिवावर बेतू शकतं. अंगाने भरलेल्या, खेळकर मुलाला विनाकारण अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं तर त्याचं आज फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वर्षानुवर्षांनी आणि सगळ्या वस्तीचं, कारण शिगेला एकेक औषध पचवत चालला आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारे शिगेला आशियात आता ठिकठिकाणी आढळतात. समोरच्या मुलाचा तोटा आणि उद्याच्या अनोळखी मुलांचा तोटा एकाच तराजूत तोलायचे आहेत. डॉक्टर समोरच्या मुलाकडे झुकणार. त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही, आणि म्हणूनच कुपोषित मुलासाठी आणि सुदृढ मुलासाठी रेषा वेगळी असायला हवी.

काळ बदलला की मॉडेल शिळं होतं

जेम्सची माहिती २००७ ते २०११ ची. तेव्हा या ठिकाणच्या मुलांना रोटाव्हायरसची लस जवळपास मिळतच नव्हती. मालीने ती २०१४ मध्ये सुरू केली. बांगलादेशाच्या राष्ट्रीय लसीकरणात चाचणीच्या वेळीही ती नव्हती. लस आली की विषाणूच्या जुलाबाचा वाटा घटतो, आणि त्यातही सगळ्यात बोलकं चित्र, म्हणजे थंडीतलं, तान्हं, ओकणारं मूल, तेच कमी होतं. मॉडेल मात्र जुन्या पारड्यावरून सुरुवात करत राहिलं तर बामाकोत ते विषाणूला हक्कापेक्षा जास्त टक्के देत बसेल. नुकत्याच येऊन गेलेल्या रुग्णांचा भाग यासाठीच हवा. पण त्यासाठी अधूनमधून काही मुलांची शौच खरोखर तपासून पारडं जुळवत राहावं लागतं. प्रयोगशाळेपासून पूर्ण सुटका होत नाही.

हंगामाचीही मर्यादा आहे. चाचणी नोव्हेंबर ते जानेवारी चालली. ढाक्यात हा रोटाव्हायरसचा काळ. कॉलरा तिथे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर उसळतो. एप्रिलच्या गर्दीत हेच साधन कसं वागेल, हे या ९४१ मुलांवरून सांगता येत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. भारताने रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात आणायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये ती देशभर नेली. त्यातली एक लस, रोटासिल, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. मालीच्या शेजारच्या नायजरमध्ये तिची मोठी चाचणी झाली आणि रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून तिने सुमारे ६७ टक्के संरक्षण दिलं. म्हणजे बामाकोच्या मॉडेलला जी अडचण आहे तीच मेळघाटाच्या किंवा नंदुरबारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही असणार. कोलकात्याची जेम्सची माहिती तशीच्या तशी तिथे लावता येणार नाही.

असं साधन इथे आणायचंच झालं तर सुरुवात अ‍ॅपपासून करू नये. ओपीडीच्या रजिस्टरात ‘अतिसार’ एवढाच एक शब्द लिहिला जातो. त्याच ओळीत वय महिन्यांत, उलटी आहे की नाही, शौचात रक्त आहे की नाही आणि दंडाचा घेर, एवढं जरी वर्षभर नोंदलं गेलं आणि दर पंधरवड्याला जिल्ह्यातल्या मोजक्या मुलांचे नमुने पीसीआरला गेले, तर आपल्या पावसाळ्याचं आणि आपल्या हिवाळ्याचं, लसीनंतरचं पारडं हाती येईल. दंड मोजायची पट्टी गावोगाव पोचलेली आहे. नमुने गोठवून जिल्ह्याबाहेर नेणारी साखळी मात्र उभी करावी लागेल, आणि पैसा आधी तिथे लागायला हवा.